पहिली ओळ कोणाची?

नववी-दहावीच्या गणिताच्या गृहपाठाचे करायचे काय, हा वाद सध्या पालकसभांत आणि शिक्षकांच्या खोलीत वारंवार निघतो, आणि जेव्हा निघतो तेव्हा तो चुकीच्या जागी घातला जातो. एक बाजू म्हणते, मोबाइलचा कॅमेरा उदाहरणावर धरला की पायऱ्यांसकट उत्तर मिळते, मग सरावसंच घरून सोडवून आणायला सांगण्यात अर्थ काय? दुसरी बाजू म्हणते, आम्ही वह्याच्या वह्या भरल्या म्हणून आम्हाला गणित आले, तुम्हीही भरा. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या निमित्ताने, गणितात आणि विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी गुणपत्रिकेवर शेरा मारून विद्यार्थ्याला पुढे जाऊ द्यावे असा प्रस्ताव चर्चेत आला, तेव्हाही हेच झाले. किती गुणांना उत्तीर्ण म्हणावे यावर महिनाभर बोलले गेले. मूल उदाहरण समोर घेऊन बसते तेव्हा त्या अर्ध्या तासात नेमके काय घडते, यावर जवळजवळ कोणीच बोलले नाही. माझे म्हणणे आधीच मांडतो. बीजगणिताचा आणि भूमितीचा गृहपाठ राहिला पाहिजे. तो आजच्यापेक्षा पुष्कळ कमी असला पाहिजे. आणि त्यात शेवटचे उत्तर नव्हे, तर मुलाने स्वतःच्या डोक्याने लिहिलेली पहिली ओळ, चुकलेली असली तरी, वाचली गेली पाहिजे.

पहिली ओळ म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून सांगतो. गेली काही वर्षे मी संध्याकाळी एका अभ्यासिकेत या वयाच्या मुलांबरोबर बसतो. दहावीच्या एका मुलीपुढे दोन चलांतील रेषीय समीकरणांचे नेहमीचे शाब्दिक उदाहरण होते: एक दोन अंकी संख्या आणि तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणारी संख्या यांची बेरीज १३२ आहे, एककस्थानचा अंक दशकस्थानच्या अंकापेक्षा ४ ने मोठा आहे, तर मूळ संख्या कोणती? तिने दशकाचा अंक क्ष मानला, एककाचा य मानला, आणि संख्या लिहिली ‘क्षय’. क्ष आणि य शेजारी शेजारी, जसे ४ आणि ८ शेजारी लिहिले की ४८ होतात. मग तिच्याच लक्षात आले की बीजगणितात दोन अक्षरे शेजारी लिहिली की त्यांचा गुणाकार होतो. तिने ते खोडले आणि ‘क्ष + य’ लिहिले. ताळा पाहायला स्वतःच ४ आणि ८ घालून पाहिले, तर १२ आले, ४८ नाही. यानंतर ती जवळजवळ दहा मिनिटे काही न लिहिता बसून राहिली. माझ्या जिभेवर उत्तर होते आणि ते गिळणे मला जड गेले. मग तिने हळूच विचारले, “सर, अठ्ठेचाळीसमधला चार हा चार नसतोच ना? तो चाळीस असतो.” त्यानंतर १०क्ष + य ही ओळ तिने लिहिली, पुढचे ११(क्ष + य) = १३२, म्हणजेच क्ष + य = १२, हे सगळे दोन मिनिटांत उरकले, आणि ४८ हे उत्तर आले.

या उदाहरणात गणित कुठे झाले? समीकरणे सोडवण्यात झाले नाही. ते काम यंत्रही करते आणि बिनचूक करते. गणित झाले त्या दहा मिनिटांत, जेव्हा दुसरी-तिसरीत एकक-दशक म्हणून पाठ केलेली गोष्ट तिला पहिल्यांदा कळली. कॅमेऱ्याने तिला १०क्ष + य ही ओळ पहिल्याच क्षणी दिली असती. ती ओळ तिला पटलीही असती, कारण तयार उत्तर वाचताना ते नेहमीच पटते. आणि परीक्षेत अंक तीन झाले की ती पुन्हा तिथेच अडली असती.

यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही. ते म्हणतात, प्रत्येक पिढीला आपले कष्ट पवित्र वाटतात. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीचे, म्हणजे पावपासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून घोकून घेतले जात. सोळा आण्यांचा रुपया, शेर-पायली आणि मणांचे हिशेब तोंडी करायचे तर ते लागतच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि साडेतीनच्या पाढ्याची गरज संपली. आज औटकी न येणाऱ्या माणसाचे काय अडते? लॉगच्या कोष्टकांचेही तसेच झाले, भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढण्याचेही बहुतांशी तसेच झाले. मग समीकरण सोडवणे हे तेवढे अमर कशावरून?

हा मुद्दा खरा आहे, आणि मी तो पूर्ण मान्य करतो: समीकरण सोडवण्याची यांत्रिक कृती अमर नाही. वर्गसमीकरणाचे सूत्र वापरून पंचवीस उदाहरणांची उत्तरे काढणे आणि औटकी घोकणे यांत मला फारसा फरक दिसत नाही. पण औटकी, लॉगचे कोष्टक आणि वर्गमूळाचा भागाकार या तिन्ही गोष्टी प्रश्न मांडून झाल्यावर सुरू होत असत. किती शेरांना किती आणे, हा प्रश्न आधीच ठरलेला असे. पाढा फक्त तो उरकून देई. बीजगणिताच्या शाब्दिक उदाहरणात आणि भूमितीच्या सिद्धतेत प्रश्न मांडणे हेच काम असते. जे काम यंत्राकडे जाणे योग्य होते ते गेले. आता त्याच्या जोडीने त्याच्या आधीचे कामही जात आहे, आणि दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून जात असल्यामुळे आपल्याला त्यांतला फरक दिसेनासा झाला आहे.

हा फरक नवा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत भुंग्यांचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ आणि संपूर्ण थव्याचे आठ-नवमांश एवढे भुंगे मालतीकडे गेले. रात्री सुगंधाच्या लोभाने कमळात कोंडलेला एक भुंगा आणि बाहेरून त्याला साद घालणारी एक भुंगी, एवढी दोन उरली. तर थवा किती? थव्याची संख्या क्ष मानून बसले, तर समीकरणात वर्गमूळ येते आणि मूल तिथेच घाबरते. पण ‘निम्म्याचे वर्गमूळ’ या शब्दांवर जरा थांबले, की सुचते: थवा २क्ष² का मानू नये? मग निम्मे होते क्ष², त्याचे मूळ होते क्ष, आणि समोर साधे वर्गसमीकरण उरते: २क्ष² − ९क्ष − १८ = ०. क्ष = ६, थवा ७२. सूत्र दोन्ही वाटांना तेच आहे. वाट सोपी होते ती पहिल्या ओळीत काय मानले यावरून. भास्कराचार्य अज्ञात राशींसाठी यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे वापरत, म्हणजे एका अर्थी रंगांनी समीकरणे लिहीत. आणि त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की बीज म्हणजे ही अक्षरे नव्हेत, बुद्धी हेच बीज. आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी जो भेद त्यांना इतका उघड दिसला, तो आपण गृहपाठ देताना आणि तपासताना कधी पाहतो का?

भूमितीत ही गोष्ट आणखी ठळक होते. काटकोन त्रिकोणात कर्णावर काढलेली मध्यगा कर्णाच्या निम्मी असते, हे सिद्ध करायचे आहे. त्रिकोण अबक घ्या, ब काटकोन, म हा कर्ण अक चा मध्य. पक्ष लिहिला, साध्य लिहिले, आकृती काढली, आणि मूल तिच्याकडे बघत बसते, कारण आकृतीत जे आहे त्यातून काहीच निघत नाही. जे हवे आहे ते आकृतीत नाहीच. ते आणावे लागते. बम ही रेषा म च्या पुढे तेवढीच वाढवून ड बिंदू घेतला, की अबकड या चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणून तो समांतरभुज; त्याचा एक कोन काटकोन, म्हणून तो आयत; आयताचे कर्ण समान, म्हणून बड = अक, आणि बम त्याच्या निम्मी. सगळी सिद्धता चार ओळींची आहे, पण ती त्या एका तुटक रेषेवर उभी आहे. ‘रचना’ या शब्दापुढे जे लिहायचे, ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे स्वतःचे सुचणे असते. शाळेतल्या दुसऱ्या कोणत्या विषयात त्या वयाच्या मुलाला समोर नसलेली गोष्ट कल्पून ती बरोबर असल्याचे स्वतःच सिद्ध करण्याची संधी मिळते? इतिहासात सनावळी पुस्तकावर विश्वास ठेवून घ्यावी लागते, विज्ञानातला बहुतेक भाग प्रयोगशाळेअभावी तसाच घ्यावा लागतो. भूमितीत मात्र प्रत्येक विधानाच्या उजव्या बाजूला कारण लिहावे लागते, आणि ते कारण ‘सरांनी सांगितले’ असे असून चालत नाही. कारण बरोबर असेल तर शिक्षकालाही ते मान्य करावे लागते. हे मला फार मोलाचे वाटते.

म्हणूनच प्रश्नपत्रिकांत आणि सरावात वाढलेल्या ‘चौकटी पूर्ण करा’ या प्रकारच्या कृतींविषयी माझ्या मनात शंका आहे. मला त्यांचा उपयोग समजतो. सिद्धतेला हातच न लावणारे मूल त्यांच्यामुळे निदान सिद्धता वाचते आणि त्याला दोन-तीन गुण मिळतात. पण चौकटींच्या कृतीत तुटक रेषा आधीच काढलेली असते. पहिली ओळ दुसऱ्याने लिहिलेली असते आणि मुलाने फक्त गाळलेले शब्द भरायचे असतात. हे कॅमेऱ्याच्या आधीपासून चालू आहे, हे मान्य केले पाहिजे. गाइडमधून उतरवलेले गृहपाठ आम्हीही पाहिले आहेत, किंबहुना केले आहेत. दोष एकट्या मोबाइलचा नाही. शेवटचे उत्तर आणि भरलेली वही एवढेच मोजले गेले, की मूल उत्तर मिळवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता घेणारच. दहावीला बीजगणिताची ४० आणि भूमितीची ४० गुणांची लेखी परीक्षा असते आणि उरलेल्या २० अंतर्गत गुणांत गृहपाठाचाही वाटा असतो. या गुणांसाठी वही पूर्ण असणे पुरेसे ठरत असेल, तर तिच्यात कोणाची बुद्धी आहे हे कोण विचारणार?

‘पण पुढे आयुष्यात हे कुठे लागते?’ या प्रश्नाला गणिताचे कैवारी देतात ते उत्तर मला पटत नाही. कर्जाचा हप्ता काढायला लागते, घराच्या फरशीचे क्षेत्रफळ काढायला लागते, असे ते सांगतात. हप्ता बँक सांगते आणि फरशी मिस्त्री मोजतो. खरे उत्तर असे की बहुसंख्य माणसांना दहावीनंतर वर्गसमीकरण पुन्हा भेटत नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. लागते ते निराळेच. आपल्याला काय माहीत आहे आणि काय काढायचे आहे हे आधी वेगळे लिहून काढणे, न कळणाऱ्या गोष्टीला एक नाव देऊन तिच्यासह पुढे चालणे, आणि आपण काढलेले उत्तर मूळ अटीत घालून पाहणे, या तीन सवयी मला बीजगणिताने लावल्या आणि दुसऱ्या कोणत्याही विषयाने लावल्या नाहीत. क्ष² = ५क्ष या समीकरणाच्या दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ५ असे उत्तर काढणारा मुलगा शून्य हे दुसरे उत्तर कायमचे हरवून बसतो, कारण शून्याने भागत नाही ना हे पाहायला तो विसरतो. एकदा रात्री स्वतःच्या वहीत ही चूक सापडली, की पुढे कोणत्याही व्यवहारात ‘इथे मी काय गृहीत धरले?’ असे विचारायला माणूस शिकतो. ही चूक स्वतःची असावी लागते, आणि ती सापडायला वेळ लागतो. वर्गातल्या तासिकेत चाळीस-साठ मुलांमध्ये तो वेळ मिळत नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा उत्तर ओरडतो आणि बाकीच्यांचा विचार तिथेच तुटतो. मला गृहपाठ हवा आहे तो एवढ्याचसाठी, की त्यात दुसऱ्या कोणाचे उत्तर आधी ऐकू येत नाही.

आता विरोधकांच्या ज्या मुद्द्यापुढे मला सर्वांत जास्त थांबावे लागते, तो सांगतो. गृहपाठ म्हणजे घराचा पाठ, आणि घरे सारखी नाहीत. एका मुलाला टेबल, दिवा आणि शिकवणी आहे. दुसऱ्याला एका खोलीत पाच माणसे, चालू टीव्ही आणि धाकट्या भावंडाला सांभाळायचे काम आहे. तिसऱ्याचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. या तिघांना तोच सरावसंच देऊन दुसऱ्या दिवशी त्यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे. यावर ‘जिद्द असेल तर होते’ असे म्हणणे मला क्रूर वाटते.

पण म्हणून गृहपाठ बंद केला तर नेमके काय होईल? पहिल्या मुलाचा गृहपाठ बंद होणार नाही. खाजगी क्लास त्याला छापील सरावपत्रे देतच राहील. बंद होईल तो दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा. ज्याला शांतपणे विचार करायला अर्धा तास मिळत नाही, त्याला तो मिळवून देण्याऐवजी आपण त्याला सांगू की तुला त्याची गरजच नाही. आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला याहून चांगले उत्तर दिले गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा खेड्यातल्या गरीब मुलांच्या घरी अभ्यासाची सोय नाही हे त्यांना दिसत नव्हते का? दिसत होते, म्हणूनच त्यांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली राहण्याची, जेवण्याची आणि अभ्यासाची जागा दिली. घर अपुरे होते म्हणून त्यांनी अभ्यास कमी केला नाही. त्याही आधी, तेराव्या शतकाच्या आरंभी, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला, आणि त्याची नोंद तिथल्या शिलालेखात आहे. ग्रंथ हातात होते, रीती त्यांत लिहिलेल्या होत्या. तरीही बसून अभ्यास करायला जागा आणि विचारायला माणूस लागतो, हे त्या काळालाही कळले होते.

तर मग गणिताचा गृहपाठ घरीच झाला पाहिजे असे कोणी सांगितले? आठवड्यातून तीन दिवस शाळेची शेवटची तासिका त्यासाठी मोकळी ठेवता येते, ग्रामपंचायतीच्या आणि नगरपालिकेच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांबरोबर शाळकरी मुलांनाही संध्याकाळी तासभर उघडता येतात. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि नववीपासून पुढे दिवसाला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा असे सुचवले, पण ते दोन तास सर्व विषयांचे मिळून आहेत. गणिताच्या वाट्याला त्यातला अर्धा तास येतो असे धरू. अर्ध्या तासात वीस उदाहरणे होत नाहीत, उतरवली जातात. तीन होतात: एक ज्यात हात बसावा, एक शाब्दिक, आणि एक भूमितीचे, ज्यात रचना स्वतः सुचावी लागेल. वह्या भरण्याचा आग्रह धरणाऱ्या माझ्या पिढीच्या शिक्षकांना हे शिथिल वाटेल, हे मला माहीत आहे. पण आम्ही भरलेल्या वह्यांत एकाच साच्याची उदाहरणे किती होती आणि सतराव्या उदाहरणात आम्ही खरोखर काय शिकलो, हे त्यांनी एकदा प्रामाणिकपणे आठवून पाहावे.

राहतो तो तपासण्याचा प्रश्न, आणि इथे शिक्षकांची तक्रार रास्त आहे. साठ वह्या, प्रत्येकीला दोन मिनिटे, म्हणजे दोन तास. असे एका वर्गाचे, आणि शिक्षकाकडे वर्ग असतात तीन-चार. हे कोणालाही शक्य नाही, म्हणून वहीवर सही आणि तारीख पडते. पण रोज दहाच वह्या घेतल्या आणि त्यांत फक्त पहिली ओळ आणि खोडलेली जागा वाचली, तर वीस मिनिटे लागतात आणि सहा दिवसांत सगळा वर्ग एकदा वाचून होतो. त्यासाठी मुलांना एक मुभा द्यावी लागेल: उदाहरण सुटले नाही तर ‘इथे अडलो’ असे लिहून, का अडलो ते एका वाक्यात लिहावे, आणि त्याचे गुण सुटलेल्या उदाहरणाइतकेच मिळावेत. कॅमेऱ्यातून आलेल्या उत्तरात अडलेली जागा नसते, त्यामुळे ती लिहायची तर मुलाला आधी स्वतः बसावे लागते.

त्या मुलीची वही मी नंतर पाहिली. ‘क्षय’ खोडलेले होते, ‘क्ष + य’ खोडलेले होते, त्याच्याखाली १०क्ष + य होते, आणि सगळ्यात खाली ४८. लाल शाईची बरोबरची खूण होती ती ४८ पुढे. वरच्या दोन खोडलेल्या ओळींच्या बाजूला समासात लिहिले होते: ‘खाडाखोड करू नये.’